मला दुखणं नव्हतं

"राजवाडे रंगवतोस म्हणे तू. मग आमचा गोठा रंगव की. रंग तिथंच पडलाय, गायींच्या मागं."

जमीनदार ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून हे बोलला. शेजारी कारवारहून आलेले दोन पाहुणे होते. एकाच्या हातात कपबशी होती. हसताना ती हिंदकळली आणि चहा त्याच्या धोतरावर सांडला. मग सगळे त्या सांडलेल्या चहाला हसले. मी खाली अंगणात उभा. ओसरीच्या पायरीवर आम्हाला चढता येत नसे, म्हणून मान वर करून ऐकावं लागत होतं. माझ्याशेजारी माझा बाप उभा होता, मुंडासं काखेत धरून.

माझं वय तेव्हा अठ्ठावीस. सात वर्षं मी नाटक कंपनीचे पडदे रंगवले होते. माझ्या पडद्यासमोर राजे गायले होते.

मी बाच्या तोंडाकडं बघितलं. वाटलं, काही म्हणेल. काही म्हणाला नाही, तरी निदान मान खाली घालेल.

बा म्हणाला, "रंगवंल की धनी. आत्ताच रंगवंल."

आणि त्याच्या तोंडावर मी जे बघितलं ते आजवर विसरलो नाही. बा काळजीतून सुटला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. त्याच्या पोराला काम मिळालं होतं.

मी गोठ्यात गेलो. शेण कालवलं. सारवलं. पाहुणे दारात येऊन बघून गेले. एकजण म्हणाला, "हात कसलेला आहे हं." पुन्हा हशा. मी भिंतीकडं तोंड करून रडलो. गायींनी बघितलं असेल, माणसांनी बघितलं नाही.

जमीनदाराचा राग मला आला, तो येणारच. पण बाच्या त्या मोकळ्या झालेल्या चेहऱ्याचं काय करावं ते मला कळेना. ते कळायला पुढं दोन महिने लागले.

आमचं गाव दिग्गीच्या अलीकडं, रानात. बारा घरं. कॅसलरॉकच्या स्टेशनावरून सकाळी चालायला लागलं की दिवस कलताना पोचायचं. आमच्या घराच्या वाट्याला भाताची चार खाचरं, तीही जमीनदाराची. आम्ही कुळं. उरलेलं पोट रान देतं. अशा गावातून माणूस पडदे रंगवायला कसा जातो असं मला पुष्कळ जणांनी विचारलं आहे. सरळ गोष्ट आहे. एकविसाव्या वर्षी मी बेळगावात लाकडाच्या गाड्यांबरोबर गेलो. तिथं एका तंबूत एक माणूस जमिनीवर कापड पसरून झाड रंगवत होता. झाड चुकीचं होतं. फांदी खोडातून निघते तशी निघालीच नव्हती. मी न राहवून म्हणालो, "असं झाड कुठं असतंय?" त्यानं रागानं कुंचला माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मग दाखव."

तो माझा वस्ताद. त्यानं मला ठेवून घेतलं. चिंचोक्याची खळ कशी शिजवायची, कापडाला ती किती प्यायला द्यायची, नीळ आणि काजळ मिळून सांज कशी करायची, हे सगळं त्यानं शिकवलं. प्रत्येक कंपनीला ठरलेले पडदे लागत. राजवाडा, रस्ता, बाग, तुरुंग, जंगल. जंगल मी करायचो. वस्तादानं जन्मात जंगल बघितलं नव्हतं. माझा जंगलाचा पडदा खाली सुटला की नट यायच्या आधीच टाळी पडायची. मी विंगेच्या मागं अंधारात उभा राहून ती ऐकायचो. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

तिथंही मला माझी जागा दाखवलेली होतीच. जेवायला पंगत वेगळी, पाण्याचा तांब्या वेगळा. खेळाच्या आधी पडद्याची पूजा व्हायची, हळदकुंकू, नारळ. ज्या हातांनी पडदा केला ते हात पूजेच्या वेळी तंबूच्या बाहेर. मालक म्हणायचा, "तू जरा बाहेर थांब रे." मी थांबायचो. पडदा आत आहे ना, एवढं मला पुरायचं. आज त्या समाधानाची चीड येते.

ह्या धंद्याचं एक बाहेरच्यांना कळत नाही. रंगाऱ्याला कायमचं काम नसतंच. पडदे एकदा झाले की पाच-सहा वर्षं चालतात. नवे पडदे लागतात ते नवी कंपनी निघाली की. आणि नवी कंपनी कधी निघते? मोठा नट रुसला की. नट रुसायचा, चार माणसं फोडून बाहेर पडायचा, स्वतःची मंडळी काढायचा, की आम्हाला बोलावणं. नट आणि मालक यांचा समेट झाला की आमचे हात रिकामे. आमची चूल त्यांच्या भांडणावर पेटायची. सात वर्षांत मी चार कंपन्या बघितल्या. मधले रिकामे महिने वस्तादाच्या घरी दुकानांच्या पाट्या रंगवून काढले. घरी कधी कळवलं नाही. घरी एवढंच ठाऊक की पोरगं कंपनीत आहे.

मग सिनेमाचे तंबू आले. एका वर्षात ओळीनं तीन कंपन्या बसल्या. आमचीही बसली. पडदे कुणीतरी गुंडाळून नेले. वस्ताद म्हणाला, "गावाकडं जा. कुणी नवी मंडळी काढली की पत्र टाकतो." मी लोंढ्यावरून गाडी धरली आणि कॅसलरॉकला उतरलो. खांद्यावर वळकटी, तिच्यात कुंचल्यांची जुडी.

घरी आई, बा, थोरला भाऊ अण्णा आणि त्याची बायको. पहिले आठ दिवस सणासारखे गेले. वहिनीनं कोंबडी केली. नवव्या दिवशी बानं विचारलं, "रजा कवापातूर हाय?"

मी म्हणालो, "रजा न्हाई बा. काम न्हाई."

"काम न्हाई म्हंजे?"

इथंच सगळं अडलं. आमच्या गावात काम नाही असं कधी होतच नाही. खाचर आहे, गुरं आहेत, कुंपण आहे, सरपण आहे, भारे आहेत. माणूस मरेपर्यंत काम संपत नाही. ज्याला काम नाही असा माणूस बानं बघितलाच नव्हता. माझ्या शहरातल्या सोबत्यांकडं त्यासाठी शब्द होता, बेकार. बाकडं तो शब्दच नव्हता.

मी सांगायला बसलो. "कंपनी बंद पडली बा."

"मग दुसऱ्या कंपनीत जा."

"त्याबी बंद पडल्यात."

"का? लोक नाटक बगत न्हाईत?"

"आता सिनेमा बगत्यात."

"त्येला पडदा नसतोय?"

"असतोय. पांढरा."

बाचे डोळे चमकले. "मग त्यो रंगीव की. पांढरा हाय म्हंजे कुणीतरी रंगवायचा ऱ्हायलाय."

मी हसलो. हसायला नको होतं. बा उठून गोठ्याकडं गेला. त्यानं आपल्या परीनं माझा प्रश्न सोडवला होता आणि मी शहरातल्या माणसासारखा हसलो होतो.

दुसऱ्यांदा नीट सांगायचं ठरवलं. नट कसे रुसतात, मंडळी कशी फुटते, मग नवे पडदे कसे लागतात, सगळं सांगितलं. बानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजे कुणाचं तरी भांडान लागावं म्हणून तू वाट बगत बसलाईस?"

ते खरंच होतं.

दर आठ-पंधरा दिवसांनी मी कॅसलरॉकला पत्र आलंय का ते बघायला जायचो. जायला एक दिवस, यायला एक. पोस्टातला मास्तर लांबूनच मान हलवायचा. परतताना वाटेत मी स्वतःशी मोठ्यानं बोलायला लागलो होतो, कारण दुसऱ्या कुणाशी बोलावं असं काही उरलं नव्हतं. गावातल्या माणसांत मी बसायचो, ती गुरांचं, भाताचं, अस्वलाचं बोलायची. माझं बोलणं निघालं की गप्प व्हायची. हेटाळणी नव्हती त्यात. त्यांना कुठं धरावं तेच कळायचं नाही.

एका सकाळी आईनं माझे दोन्ही तळवे हातात घेऊन उलटसुलट बघितले. बोटं दाबली. "दुखत्यात?"

"न्हाई ग."

"मग काम का सोडलंस लेका?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी घरात बसून, माझ्या माघारी, उत्तर शोधून काढलं होतं. धडधाकट माणूस काम सोडत नाही. काम करत नाही तो आजारी. अंग तर बरं दिसतंय. म्हणजे दुखणं आतलं. बाहेरचं काहीतरी लागलेलं.

आमच्याकडं अशा वेळी देवाला विचारतात. गावाच्या वरच्या अंगाला देवाची राय आहे, देवासाठी राखलेलं रान, तिथं कुणी कुऱ्हाड घालत नाही. रायीत दगडाचा देव. गावचा घाडी, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलणारा म्हातारा, ओल्या फुलांच्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली की देव हो म्हणाला. डावीकडची पडली की नाही. ह्याला कौल म्हणतात. बानं माझ्यासाठी कौल लावला. मी गेलो नव्हतो, बोलावलंही नव्हतं. उजवी पाकळी पडली म्हणे. मला बाहेरचं लागलं होतं. देवानं सांगितलं म्हटल्यावर विषय संपला.

माझ्या दंडात काळा दोरा आला. जेवण बंद झालं, पेज सुरू झाली. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडं टाकलं. मी नांगराला हात लावला तर अण्णा काढून घ्यायचा. "तू बस. तुला सोसायचं न्हाई." सरपणाला निघालो तर वहिनी आडवी यायची. मला काम नव्हतं म्हणून मी आजारी, आणि आजारी म्हणून मला काम नाही. शेजारणी यायच्या, दारातून विचारायच्या, "झोप लागती का? भ्या वाटतंय का?" सुरुवातीला मी भांडायचो. माझी कंपनी बुडालीय, मला काही झालेलं नाही. त्या आईकडं बघून मान हलवायच्या. मग मी "बरं हाय" म्हणायला लागलो. मग एकदा खरंच वाटलं, असेल का काही? चार माणसं रोज प्रेमानं तुम्हाला आजारी म्हणत राहिली की अंगात कणकण येते. मला आली. भरल्या घरात मी इतका एकटा कधीच नव्हतो. मारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर निदान त्या माझ्या नावानं पडल्या असत्या.

असे चार महिने गेले. मग तो जमीनदाराकडचा दिवस. कुळांनी वर्षाचा मान घेऊन त्याच्याकडं जायचं असतं. केळीचा घड, भोपळा, मधाचं मडकं. बानं मला मडकं घेऊन बरोबर नेलं. हवापालट म्हणून.

जमीनदारानं विचारलं, "हा तुझा धाकटा का रे? आजारी आहे म्हणे."

"व्हय धनी. बाहेरचं हाय."

जमीनदार हसला. "कसलं बाहेरचं. ह्याची नाटक कंपनी बुडाली असणार. सगळ्याच बुडताहेत, वर्तमानपत्र भरून येतंय. हा आजारी नाही रे. हा बेकार."

मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी कळलं होतं. माझ्या आईला कळलं नव्हतं ते ह्याला कळलं होतं. मी तोंड उघडलं, आता हाच बाला समजावून सांगेल म्हणून. तेवढ्यात तो पाहुण्यांकडं वळला, डोळा घातला आणि ते गोठ्याचं बोलला.

कळूनही त्यानं तसंच केलं. तेव्हापासून मी एवढं शिकलो की आपलं दुःख कुणाला कळतंय म्हणजे तो आपला झाला असं नाही.

गोठा सारवून घरी आलो. आईनं माझे शेणाचे हात बघितले आणि देवापुढं नारळ फोडला. त्या दिवशी मला भाकरी मिळाली, सुक्या मासळीचं कालवण मिळालं. पोरगं कामाला लागलं, दुखणं उतरलं. बानं बारा घरांत सांगितलं, "धन्यानं रंगाचं काम दिलंया." मी पानावर बसून ती भाकरी खाल्ली. भूक होती.

नंतर वरचेवर बोलावणं यायला लागलं. पाहुणे आले की माणूस धावत यायचा. गोठ्याच्या भिंतीवर चुन्यानं राजवाडा काढायला लावला. खांब, कमानी, सिंहासन. त्याच्याखाली गायी बांधलेल्या. "आमच्या गोमातेचा दरबार," जमीनदार म्हणायचा, आणि ओसरीवरून माझ्याकडं बोट करायचा. हे कंपनीचे पेंटर बरं का. मी चुना सांडत उभा. दरबार चांगला झाला होता, हेच वाईट होतं. हात खोटं काम करायला तयार नव्हता.

घरी आल्यावर एकदा मी चिडून आईला म्हणालो, "मी पडद्याचा कारागीर. शेणात हात घालायला लावतोय त्यो मला."

आई तेव्हा अंगण सारवत होती. ओणवी. बोटांची कमान भराभर उमटत होती, एकीला लागून एक, सगळ्या सारख्या. तिचा हात थांबला नाही. माझ्या तोंडून काय गेलं ते माझं मलाच ऐकू आलं. तिचा सगळा जन्म त्या शेणात गेला होता आणि ती कमान मला कुंचल्यानंही जमली नसती. शेणात कसली लाज? मला कंपनीच्या पंगतीनं शिकवलेली लाज मी घरी घेऊन आलो होतो. मी तिच्या शेजारी बसलो आणि अर्धं अंगण सारवलं. त्या दिवशी मला नीट कळलं की मला सलतंय ते शेण नाही. ओसरीवरचं हसणं सलतंय.

त्यानंतर पुढच्या बोलावण्याला मी गेलो तेव्हा ठरवून गेलो नव्हतो. जमीनदार म्हणाला, "उद्या जंगलचे साहेब जेवायला यायचे आहेत. तू गोठ्यापुढं उभा राहा. मी विचारीन, कोण रे तू? तू मुजरा करायचा आणि म्हणायचं, आधी राजांचा पेंटर होतो, आता गायींचा आहे. म्हणून दाखव बघू."

मी म्हणालो, "मी नाही म्हणणार."

"काय?"

"सारवायचं असेल तर सारवतो. बाच्या वाट्याची वेठ आहे ती करतो. हसवायला उभा राहणार नाही. मला काम नाही, म्हणून मी तुमचं सोंग नाही."

आवाज चढला नव्हता. जमीनदारानं झोपाळा थांबवला आणि म्हणाला, "खालचं खाचर कुणाकडं आहे रे? तुझ्या बापाकडंच ना?"

मी चालत घरी आलो. बाला सगळं सांगितलं. वाटलं होतं मारेल. त्यानं मुंडासं उचललं आणि जमीनदाराच्या घराची वाट धरली. परत आला तो शांत होऊन.

"मिटवून आलोय," म्हणाला. "धन्याच्या पायावर हात ठेवला. सांगितलं, पोराचं दुखणं उलटलंया. बोलला त्यो, पर त्ये बोलणं त्येचं न्हवं. आतलं बोललं."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक सरळ वाक्य बोललो होतो आणि माझ्या बापानं ते उचलून माझ्या दुखण्याच्या खाती टाकलं होतं. जमीनदारानंही ते मान्य केलं. त्याला सोयीचंच होतं. आजारी माणसाचं नाही म्हणणं कुणाला टोचत नाही. अट एवढीच की देवाला पुन्हा विचारायचं, सगळ्या गावासमोर, आणि त्याचा कारभारी येऊन ऐकेल.

दंडात दोन दोरे आले. पुन्हा पेज. पुन्हा पडवीचा कोपरा.

कोपऱ्यातून समोरचा डोंगर दिसायचा. आता त्याच्यावर सागवान उभं आहे, सरकारचं. माझ्या जन्माच्या आधी तिथं बाची कुमरी होती. डोंगराचा तुकडा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत नाचणी टाकायची, दोन-तीन पिकं घ्यायची आणि तो रानाला परत देऊन पुढच्या तुकड्यावर जायचं. कुठला उतार कधी पेटवायचा, वारा कुठून येईल, राख किती बोटं बसेल, हे बाला कळायचं तसं आसपास कुणाला कळत नव्हतं असं आई सांगते. लांबून माणसं त्याला उतार दाखवायला न्यायची. मग सरकारनं हद्दीचे दगड रोवले आणि कुमरी बंद केली. बा जमीनदाराच्या खाचरावर कूळ झाला. मी आईला विचारलं, "तवा बानं काय केलं?"

"काय करनार? वरीसभर त्या डोंगराकडं तोंड करून बसायचा," ती म्हणाली. "लोक म्हनायचे त्येला बाहेरचं लागलंया."

मी दंडावरचे दोन्ही दोरे चाचपले.

गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळीच सगळं गाव रायीत जमलं. पुढं पुरुष, मागं बाया. कारभारी एका बाजूला छत्रीवर रेलून उभा. मला देवासमोर बसवलं. घाड्यानं पाकळ्या ओल्या केल्या, देवाच्या खांद्यांवर लावल्या आणि हात जोडून सुरू झाला. गाऱ्हाण्याची रीत अशी की घाडी एकेक गोष्ट बोलतो आणि सगळे एका आवाजात होकार देतात. दुसरं उत्तर तिथं नसतंच.

"बा देवा म्हाराजा, ह्यो ह्या घरचा धाकला लेक."

"व्हय म्हाराजा."

"परमुलखात गेला, कुणाच्या वाटंवर पाय पडला."

"व्हय म्हाराजा."

"त्येच्या अंगाला बाहेरचं लागलं, त्येचं काम सुटलं."

"व्हय म्हाराजा." त्यात बाचा आवाज होता. आईचाही.

"त्या दुखण्यापायी त्यो धन्याला नगं त्ये बोलला. त्ये बोलणं त्येचं न्हवं."

"न्हाई," मी म्हणालो.

घाडी थांबला. त्याच्या उभ्या जन्मात गाऱ्हाण्यात हा शब्द आला नव्हता. कुणीतरी म्हणालं, आतलं बोलतंय. घाड्यानं पुन्हा तेच म्हटलं. ह्यावेळी कुणी होकार दिलाच नाही, सगळे माझ्याकडं बघत होते.

मी उभा राहिलो. "न्हाई म्हाराजा. त्ये बोलणं माजंच हाय. देवाला कशाला इचारताय? मी हितं उभा हाय, मला इचारा. मला दुखणं न्हाई. माजं काम गेलंया. माझ्या हाताचं काय बिघडल्यालं न्हाई, काम देनारंच बसलं."

बा म्हणाला, "खाली बस."

"बा, तुमची कुमरी बंद झाली तवा तुमाला काय लागलं हुतं?"

एवढं मी बोललो आणि बाच्या तोंडाकडं बघण्याची हिंमत केली. त्याला कळलं. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या बापाला सगळं कळलं, कंपनी, पडदे, रिकामे महिने, सगळं. त्याची जीभ ओठांवरून फिरली. मग त्यानं कारभाऱ्याकडं बघितलं. मग खाली मातीकडं.

"घाडीबा," तो म्हणाला, "तुमी म्हना फुडं. पोराला बाहेरचं हाय."

मी देवासमोर दंडातले दोरे तोडले, तिथंच ठेवले आणि रायीतून बाहेर पडलो. पाकळी कुठली पडली ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

खालचं खाचर पावसाच्या आधी गेलं. बानं धन्याच्या पायांवर ठेवलेल्या हातांनी ते वाचलं नाही. अण्णा मला त्याबद्दल बोलला, आणि बोलायचा त्याला हक्क होता, कारण ते भात त्याच्या बायकोच्या ताटातलं होतं. उरलेल्या तीन खाचरांत मी कुणाला न विचारता नांगर धरला. बानं अडवलं नाही. माझ्याशी तो बोललाही नाही. आमच्यात काय हवं-नको ते आई सांगायची, इकडचं तिकडं. वस्तादाचं पत्र दीड वर्षानं आलं. मी गेलो. ती मंडळी अकरा महिन्यांत बुडाली आणि मी परत कॅसलरॉकला उतरलो. असं तीनदा झालं आहे. चौथ्यांदाही होईल.

प्रत्येक वेळी गावाच्या वेशीवर कुणीतरी भेटतं आणि माझ्या दंडाकडं बघत विचारतं, "बरं न्हाई व्हय रे?" मी वळकटी खाली ठेवतो. घाई करत नाही. सांगतो, अंग धड हाय, हात चालत्यात, काम गेलंया. त्यांना समजत नाही. मी पुन्हा सांगतो. जे घर विचारेल त्या घरी जाऊन सांगतो. बा अजून लोकांना माझं दुखणंच सांगतो, आणि ते त्याच्या तोंडून मी काढून घेणार नाही, त्या शब्दासाठी त्यानं पुष्कळ किंमत मोजली आहे. पण माझ्या तोंडून ते पुन्हा कुणी वदवून घेणार नाही. ओसरीवरून नाही, रायीतून नाही, प्रेमानं नाही, धाकानं नाही. काम नसेल तेव्हा काम नाही असंच म्हणेन, उभं राहून म्हणेन. खाचरं गेली तरी. बा बोलला नाही तरी.